शाळाभेटीत वर्ग बघायला वेळच उरत नाही

मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळांत अठरा वर्षं शिकवलं आणि गेल्या वर्षी केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-पंधरा शाळांच्या गटाची देखरेख करणारी, झाले. माझं केंद्र आहेच, शिवाय शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार आहे. सकाळी उठल्यापासून फोन वाजायला लागतो. 'आजच्या आज लिंक भरा', 'निरंक असल्यास तसे कळवा', 'आपले केंद्र तालुक्यात शेवटून तिसरे'. शाळेत गेले की मुख्याध्यापकांजवळ बसून राहिलेली माहिती भरून घेते, फोटो काढते, शेरेबुकात, म्हणजे भेटीचे शेरे लिहायच्या वहीत, सही करते आणि पुढच्या शाळेला निघते. मागच्या महिन्यात एका द्विशिक्षकी शाळेत थोडा वेळ मिळाला म्हणून तिसरीच्या मुलांजवळ बसले. नोंदीत सगळी मुलं 'वाचन करतात' असं होतं. चार मुलांना वाचता येत नाही. शिक्षक तरुण आहे, वेळेवर येतो, मेहनत करतो. वर कळवलं तर त्याला नोटीस निघेल आणि केंद्राचा क्रमांक आणखी घसरेल. नाही कळवलं तर त्या खोट्या नोंदीखाली माझी सही आहे. काय करू? कधी कधी वाटतं, हे पद सोडून परत वर्गावर जावं.
एक केंद्रप्रमुख

ताई,

आधी त्या चार मुलांचं आणि त्या शिक्षकाचं बोलू. बाकीचं थोडं थांबू शकतं, हे थांबणार नाही.

वर कळवण्याआधी त्याच्याशी बोला. त्याच्याच शाळेत, शाळा सुटल्यावर, जोडीदार शिक्षक समोर नसताना. आणि त्याआधी त्या चौघांजवळ पुन्हा एकदा बसा. 'वाचता येत नाही' एवढ्या माहितीवर कोणत्याच शिक्षकाला काही करता येत नाही. एखादं मूल धडा घडाघडा म्हणतं आणि बोट दोन ओळी मागे असतं. त्याला धडा पाठ आहे, अक्षरओळख नाही. दुसऱ्याला सुटी अक्षरं येतात, पण काना-मात्रा आली की गाडी अडते. तिसरं 'प्रकाश'चं 'पकाश' करून पुढे जातं. ते जवळजवळ वाचतंच आहे, जोडाक्षरांवर थोडं काम केलं की सुटेल. चौथ्याच्या घरी पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलतात. ते अक्षरं बरोबर जुळवतं, पण शब्दाचा अर्थ लागत नाही म्हणून थांबतं. यातलं कोणतं मूल कुठे अडलंय ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. अठरा वर्षं वर्गावर घालवल्याचा उपयोग इथे आहे. पोर्टलच्या रकान्यात मात्र या चौघांची नोंद एकाच शब्दाची होणार.

बोलताना 'नोंद खोटी का भरलीस' इथून सुरुवात करू नका. मुलांपासून करा. 'या मुलीचं बोट मागे राहतं, तू पाहिलंयस का?' असं विचारलं की मेहनती शिक्षक मोकळा होतो, कारण त्यालाही ते दिसलेलं असतं आणि कोणाला सांगावं हे कळत नसतं. नोंदीचा विषय मग आपोआप निघेल. बहुतेक वेळा ऐकायला मिळतं ते असं: गेल्या वेळी खरं भरलं, तर शाळेचं नाव ग्रुपवर लाल रंगात आलं, केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर उभं केलं, आणि मदतीला कोणीच आलं नाही. यंदा 'वाचतो' भरलं तर कोणी काही विचारलं नाही. त्या तरुण शिक्षकाने आपल्या व्यवस्थेकडून नेमकं काय शिकावं अशी आपली अपेक्षा होती?

शेरेबुकात खरं लिहा, पण कामाचं लिहा. 'इयत्ता तिसरीतील चार विद्यार्थ्यांना वाचनात मदतीची गरज आहे. प्रत्येकाची अडचण वर्गशिक्षकांसोबत पाहिली. पुढील भेटीत याच विद्यार्थ्यांचे वाचन पुन्हा ऐकणार.' खाली तारीख आणि सही. यात कोणावर आरोप नाही, कोणाला लपवलेलंही नाही. उद्या साहेबांनी विचारलं तर वही पुढे करता येते. पोर्टलवरची नोंद दुरुस्त करायची सोय उघडी असेल तर त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या, नसेल तर पुढच्या फेरीत खरी भरायची असं ठरवा. तालुक्याचं शिक्षण बघणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कानावरही तुम्हीच घाला, 'या शाळेत नोंद सुधारतोय आणि मुलांवर काम सुरू आहे' या शब्दांत. केंद्राचा क्रमांक घसरला तर घसरू द्या.

एवढं करूनही त्याने पुढच्या वेळी पुन्हा खोटंच भरलं, तर लेखी कळवा, आणि तेव्हा मागेपुढे पाहू नका. तिसरीत वाचन सुटलेलं मूल पाचवीपर्यंत सगळ्या विषयांत मागे पडतं. ते नुकसान भरून देणारा कोणी नसतो.

आता तुमची दुसरी तक्रार, माहिती भरण्यात वर्ग बघायला वेळच उरत नाही ही. तुम्ही एकट्या नाही आणि ही गोष्ट फक्त आपल्या खात्याचीही नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनपासून एक लाट सुरू झाली. सरकारी सेवा कंपनीसारख्या चालवायच्या, प्रत्येकाला उद्दिष्ट द्यायचं, आकड्यांत मोजायचं, क्रमवारी लावायची. ब्रिटनमधले अभ्यासक क्रिस्टोफर हूड यांनी १९९१ साली या सगळ्याला 'नवं सार्वजनिक व्यवस्थापन' असं नाव दिलं. शाळा, दवाखाने, पोलीस, बालकल्याण, सगळीकडे ते पोचलं आणि सगळीकडे देखरेख करणाऱ्याच्या कामात एकच बदल झाला. पूर्वी तो काम बघायचा, आता तो कामाची नोंद बघतो.

तुमच्या पदाचा इतिहास तर या दृष्टीने फारच बोलका आहे. महाराष्ट्रात केंद्रप्रमुख हे पद १९९४ साली निर्माण झालं. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाताखाली शाळा तपासणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याकडे शाळा फार, म्हणून त्याच्या आणि शाळेच्या मधे, शिक्षकांतूनच वर आलेलं, दहा-पंधरा शाळांचं जवळचं माणूस हवं, ही कल्पना. शिक्षकाला शैक्षणिक मदत करणं हा त्याचा गाभा. त्याच सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याबरोबर शाळांची माहिती गोळा करायची 'डायस' ही पद्धत आली, जिचं पुढे यू-डायस झालं. म्हणजे शिक्षकाजवळ बसणारं माणूस आणि शाळेचा आकडा मागणारा तक्ता, दोघं एकाच काळातली भावंडं आहेत. पुढे तक्ता वाढतच गेला. २०१५ मध्ये शाळा-विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायचं 'सरल' आलं, मग शाळेने स्वतःचं मूल्यमापन भरायची शाळासिद्धी, २०२१ मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठीचं निपुण भारत अभियान, त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीच्या 'स्टार्स' प्रकल्पातल्या नियतकालिक चाचण्या आणि त्यांचे गुण भरायचे चॅटबॉट. माणसं मात्र वाढली नाहीत. पदं रिकामी राहिली, म्हणून तुमच्याकडे दोन केंद्रं आहेत.

पण जुन्या तपासणीचे गोडवे मी गाणार नाही. मी विस्तार अधिकारी होते आणि त्याआधी शिक्षिका, दोन्ही बाजूंनी ती तपासणी पाहिली आहे. साहेब येणार म्हणून मुलं रविवारी बोलावून शाळा झाडायची, टाचणवह्या रात्री बसून पूर्ण करायच्या, हुशार पोरांना पहिल्या रांगेत बसवायचं. मुलाला वाचता येतं का हे तेव्हाही फारसं कोणी विचारत नव्हतं. ते जाहीरपणे विचारलं ते 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' पाहणीने, २००५ पासून, गावोगाव घरी जाऊन. पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही हे त्यातून देशासमोर आलं. आकडे नसते तर हे कळलंच नसतं. मात्र 'असर'ला खरं उत्तर का मिळतं ते पाहा. त्यात शिक्षकाचं नाव नाही, शाळेला नोटीस नाही. मूल वाचतं की नाही एवढंच बघायला माणूस येतो आणि जातो. तोच प्रश्न आपण शिक्षकालाच विचारला, त्यानेच उत्तर भरायचं आणि त्याच उत्तरावर त्याची इभ्रत ठरायची असं केलं, की उत्तर बिघडतं.

हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच मांडलं होतं: ज्या आकड्यावर मोठे निर्णय ठरतात, तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्या कामासाठी तो घेतला ते कामही भ्रष्ट होतं. अटलांटा शहरात त्याचं टोक दिसलं. तिथे परीक्षेतल्या गुणांची उद्दिष्टं शाळांवर लादली होती. २०११ साली राज्याच्या चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. काहींनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून बरोबर उत्तरं भरली होती. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. त्यातले बरेच जण इतर कोणत्याही बाबतीत साधी, नेकीची माणसं असणार, याबद्दल मला शंका नाही. तुमच्या तरुण शिक्षकाची आणि त्यांची वाट पहिल्या पावलापुरती एकच आहे. म्हणूनच त्याला आत्ता, पहिल्या पावलावर, कोणीतरी हाताला धरून थांबवायला हवं. नोटीस ते करत नाही.

देखरेखीबद्दल मला सगळ्यात शिकवून गेलेलं उदाहरण शिक्षणातलं नाही, इंग्लंडमधल्या बालसंरक्षणाचं आहे. २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी नावाची आठ वर्षांची मुलगी घरच्या छळाने मेली. दवाखाने, पोलीस, समाजकार्यकर्ते, सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीने २००३ मध्ये १०८ शिफारशी केल्या. त्यानंतर मुदती आल्या, नमुने आले, संगणकावरच्या नोंदी आल्या. हेतू चांगलाच होता. पण २०११ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी सरकारच्या सांगण्यावरून सगळ्या व्यवस्थेचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की माणसं नियम पाळण्यात इतकी गुंतली आहेत की मुलाकडे बघणंच मागे पडलंय. समाजकार्यकर्ता अवघड घरातून परत आल्यावर त्याने आपल्या वरिष्ठापाशी बसावं, 'मला असं वाटलं, मी बरोबर आहे का' हे विचारावं, वरिष्ठाने त्याचा विचार तपासावा, हे देखरेखीचं मूळ काम. त्याची जागा 'फॉर्म मुदतीत भरला का' या प्रश्नाने घेतली होती. मन्रो यांनी नियमांचा भार कमी करा आणि व्यावसायिकाच्या निर्णयशक्तीला जागा द्या असं सुचवलं. अपयश आलं की आपण एक रकाना वाढवतो, आणि तो भरायला वेळ जातो तो नेमका त्या बसण्या-बोलण्यातून.

आपल्याकडेही चांगली देखरेख कशी असते हे दूर जाऊन शोधायला नको. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट, तुम्हाला माहीत असेलच. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळा बदलल्या आणि राज्यभरातले शिक्षक त्या बघायला गेले. जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात त्या शाळांचं अनुकरण सर्वदूर झालं. अनेक शाळांनी काय उचललं? फरशीवर रंगवलेली रेखाटनं. ती दिसतात, फोटोत येतात, निकषात टिकमार्क करता येतात. एक अधिकारी शिक्षकांसोबत मुलांच्या शिकण्याबद्दल सातत्याने बोलत राहते, हा भाग फोटोत येत नाही, म्हणून तो परिपत्रकातून पोचलाच नाही. रंग उडाले, आणि पुष्कळ ठिकाणी त्याबरोबर सगळंच संपलं.

मग तुम्ही काय करायचं? माहिती भरणं तुम्ही बंद करू शकत नाही, तसा सल्लाही मी देणार नाही. पण तिला तिची जागा दाखवता येते. आठवड्यातल्या दोन सकाळी पक्क्या ठरवा, मंगळवार आणि गुरुवार म्हणा. त्या दिवशी एका दिवशी एकच शाळा, परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात, फोन पिशवीत. ही वेळ गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा, 'शाळाभेट व वर्गनिरीक्षण' असं लिहून. लेखी असलं की 'फोन का उचलला नाही' याला उत्तर असतं. बरीचशी माहिती पुन्हा पुन्हा तीच मागितली जाते: पट, आधार, खोल्या, शौचालयं, वीजजोडणी. सगळ्या शाळांची ती एकदाच एका शीटमध्ये घ्या आणि पुढच्या वेळी शाळांना न विचारता तुम्हीच भरा. शिक्षकाच्या दृष्टीने केंद्रप्रमुखाची ही सर्वांत मोठी मदत असते, आणि तुमच्या शब्दाला वजनही तिथूनच येतं.

वर्गात बसल्यावर शिक्षकाला धडा मधे थांबवून शिकवून दाखवू नका. दोन-तीन मुलांच्या वह्या बघा. मुलांना विचारा. शेवटी शिक्षकाजवळ दहा-पंधरा मिनिटं बसा आणि एकाच गोष्टीवर बोला, दहा गोष्टींवर नाही. शिक्षक मोकळेपणाने जे सांगेल, 'मला भागाकार शिकवायला जमत नाही' असं, ते ग्रुपवर, अहवालात, परिषदेत कुठेही जाता कामा नये. एकदा जरी गेलं, तरी त्या केंद्रात पुन्हा कोणी तुम्हाला खरं सांगणार नाही.

शिक्षण परिषद तर तुमच्या हातातली फार मोठी गोष्ट आहे. बहुतेक ठिकाणी ती परिपत्रकं वाचण्यात संपते. परिपत्रकं आदल्या दिवशी ग्रुपवर टाका आणि पुढच्या परिषदेत प्रत्येक शिक्षकाला वजाबाकीची एक-एक वही आणायला सांगा. त्यात हे नक्की सापडेल: ४२ वजा १७, उत्तर ३५. बाजूला लाल फुली. त्या मुलाला विचारलं तर ते सांगतं, 'सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.' म्हणजे मुलाला वजाबाकी येतच नाही असं नाही. 'मोठ्यातून लहान काढायचा' हा नियम त्याने स्वतः बनवलाय आणि तो काटेकोर पाळतंय. त्याला आणखी वीस गणितं दिली तर वीस वेळा तोच नियम पक्का होईल. त्याच्या हातात दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या, सतरा काढायला सांगा, एक गठ्ठा सोडावाच लागतो हे त्याचं त्याला दिसेल. हा एवढा एक प्रश्न घेऊन वीस शिक्षक तासभर बोलले, तर दुसऱ्या दिवशी वीस वर्गांत काहीतरी वेगळं घडतं. चाचणीच्या गुणांचा तक्ताही तेव्हाच उपयोगी पडतो. 'वजाबाकीत कोणत्या शाळांना अडचण दिसतेय' एवढं बघायला तो घ्या, त्या शाळांना आधी भेट द्या. क्रमवारी वाचून दाखवू नका.

क्रमवारीबद्दल तालुक्यातल्या सगळ्या केंद्रप्रमुखांनी मिळून गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. एकटीने गेलात तर तुमचं केंद्र मागे आहे म्हणून बोलताय असं होईल. मागणी छोटी ठेवा: शाळांची नावं लाल-हिरव्या रंगात ग्रुपवर टाकू नयेत, ज्या शाळेने अडचण खरी नोंदवली तिला आधी मदत मिळावी. सोबत शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ न्या. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही असं ते सांगतं. शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचं वर्गीकरण करणारा शासन निर्णयही राज्याने २०२४ मध्ये काढला आहे. तो वाचा आणि तुमच्याकडे येणारी कोणती माहिती कोणत्या गटात बसते ते सोबत नेऊन दाखवा. अनेक गटशिक्षणाधिकारी स्वतःही वरच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये असेच उभे राहिलेले असतात. त्यांच्या हातात कागद दिलात तर त्यांनाही बोलायला आधार मिळतो.

पद सोडायचं का? या वर्षी नको. वर्गावर तुम्ही एका वर्गाला उत्तम शिकवाल हे मला मान्य आहे. पण वाचन अडलेलं मूल पाच मिनिटांत ओळखणारी व्यक्ती केंद्रप्रमुखाच्या जागेवर सहजासहजी येत नाही, आणि तुम्ही उठलात तर ती खुर्ची फोटो मागणाऱ्या कोणाकडे तरी अतिरिक्त कार्यभार म्हणून जाईल. दोन सकाळींचा हा क्रम हे सत्र संपेपर्यंत चालवून पाहा. तेवढ्यासाठीही कोणी तुम्हाला वर्गात बसू देत नसेल, तर पुन्हा लिहा, मग परत वर्गावर जाण्याचा विचार आपण मोकळ्या मनाने करू.

तोवर त्या तिसरीच्या वर्गात जाऊन या. जाताना फळ्यावरच्या खडूएवढ्या ठळक अक्षरांत छापलेली, धड्याबाहेरची दोन-चार गोष्टीची पुस्तकं न्या. पाठ असलेला धडा आणि वाचता येणं यातला फरक त्या शिक्षकालाही लगेच दिसेल.